फाइल उघडली पाहिजे

मार्च २००३मध्ये मायक्रोसॉफ्टचे मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंगच्या सुट्टीवर होते. ती सुट्टी मध्येच सोडून ते जर्मनीतल्या म्युनिकला गेले आणि तिथले महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटले. निमित्त होतं म्युनिक महापालिकेच्या सुमारे १४ हजार संगणकांचं. त्यांवर विंडोज एनटी ही जुनी प्रणाली होती. कंपनी तिची देखभाल थांबवणार होती आणि पुढे काय घ्यायचं यावर नगरसेवकांचा खल चालू होता. मायक्रोसॉफ्टने आपले दर खाली आणले, पुन्हा खाली आणले. शेवटी त्यांचा प्रस्ताव समोरच्या लिनक्सच्या प्रस्तावाहून स्वस्त झाला. तरीही मे महिन्यात नगर परिषदेने कौल दिला तो लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि ओपनऑफिस हा मुक्त ऑफिस संच यांना.

म्युनिकने महाग पर्याय निवडला, ही या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरची चर्चा ‘पैसे वाचतात’ इथे सुरू होते आणि तिथेच विझते. ती विझणारच. कारण आपल्या गावोगावच्या दुकानांत, पतसंस्थांत, खासगी क्लासांत वर्ड आणि एक्सेलसाठी कित्येकांनी कधी पैसे मोजलेलेच नाहीत. ज्याने संगणक जुळवून दिला, त्यानेच जाताजाता विनापरवाना प्रतही टाकून दिली. अशा माणसाला लिबरऑफिस हा मुक्त संच फुकट आहे असं सांगितलं, तर तो म्हणतो, हेही फुकटच आहे की. त्यात एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या वर्गांतून महाराष्ट्रातले लाखो लोक टंकलेखन, तक्ते आणि सादरीकरण शिकले ते याच मायक्रोसॉफ्ट ऑफिस संचावर. हाताला ती बटणं सरावलेली आहेत. मग कुणी कशासाठी बदलावं?

माझ्या मते त्याचं उत्तर प्रोग्राममध्ये नाही, प्रोग्रामने तयार केलेल्या फाइलमध्ये आहे. प्रोग्राम पाच-सात वर्षांत जुना होतो. संस्थेचा ठराव, जमिनीचा करार, शाळेचा निकाल, लेखकाचं हस्तलिखित यांना मात्र पन्नास वर्षं टिकायचं असतं. आणि ते सगळं एका विशिष्ट बांधणीच्या फाइलमध्ये बंद असतं. ती बांधणी कशी आहे हे फक्त एकाच कंपनीला ठाऊक असेल, तर कागद आपला असूनही तो वाचायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात राहतो. वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइलची अनेक वर्षं हीच स्थिती होती. बाहेरच्या प्रोग्रामरांनी ती फाइल आतून चाचपत, अंदाज बांधत उलगडली. मायक्रोसॉफ्टने तिचा अंतर्गत तपशील सर्वांसाठी खुला केला तो २००८मध्ये, म्हणजे जगभरच्या कचेऱ्या त्या फाइलींनी भरून गेल्यानंतर.

आता लिबरऑफिसची फाइल पाहा. त्यातला लेखनाचा प्रोग्राम रायटर उघडा, ‘श्री गणेशाय नमः’ एवढंच टंकित करा आणि ओडीटी प्रकारात जतन करा. मग त्या फाइलची एक प्रत काढून नावाच्या शेवटी असलेलं ‘ओडीटी’ पुसून ‘झिप’ लिहा आणि ती एखाद्या झिप फाइलसारखी उघडा. आत काही लहान फाइली आणि फोल्डर दिसतील. एकीत मजकूर, एकीत शैली, एकीत फाइल कधी तयार झाली याची नोंद. चित्रं घातली असतील तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवलेली असतात. मजकुराची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या गर्दीत ‘श्री गणेशाय नमः’ हे शब्द देवनागरीत सरळ वाचता येतात. उद्या लिबरऑफिस नावाचा प्रोग्रामच उरला नाही, तरी मजकूर बाहेर काढायला कुणाची परवानगी लागणार नाही. कॉलेजात प्रोग्रामिंग शिकणारा मुलगासुद्धा ते काम एका दुपारी करू शकेल. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर खुली फाइल म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या फाइलचा आणि प्रोग्रामचा जन्मही सांगण्याजोगा आहे. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावात मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५मध्ये स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचा स्टाररायटर पुढे वाढत वाढत स्टारऑफिस झाला. १९९९मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली. सनमध्ये तेव्हा सुमारे ४२ हजार माणसं होती. त्या सगळ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी विकत घेणं स्वस्त होतं, असं सनच्याच सायमन फिप्स यांनी पुढे सांगितलं. सनने २०००मध्ये त्या प्रोग्रामचा मूळ संकेत (सोर्स कोड) जगासाठी खुला केला आणि ओपनऑफिस उभं राहिलं.

खुलेपणाची खरी कसोटी लागली ती २०१०मध्ये. सन कंपनी ओरॅकलने घेतली. नव्या मालकाच्या हेतूंबद्दल ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांना शंका होत्या, आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यातले बरेच जण संकेताची प्रत घेऊन बाहेर पडले. ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन झालं. ‘ओपनऑफिस’ हे नाव त्यांनी ओरॅकलकडे मागितलं, ते मिळालं नाही, म्हणून तात्पुरतं ठेवलेलं लिबरऑफिस हेच नाव पुढे चालू राहिलं. पुढच्याच वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं. या सगळ्या घडामोडींत वापरणाऱ्याचं काय झालं? काहीच नाही. त्याच्या जुन्या फाइली नव्या नावाच्या प्रोग्राममध्ये तशाच उघडल्या. बंद प्रोग्रामची कंपनी अशी हातोहात विकली जाते, तेव्हा ग्राहकाला फक्त पत्र येतं.

दरम्यान फाइलच्या बांधणीलाही अधिकृत मान्यता मिळत होती. ओडीएफ म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट हे २००५मध्ये ओएसिस संस्थेचं आणि २००६मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं प्रमाण झालं. मायक्रोसॉफ्टने आपली नवी बांधणी, म्हणजे आजच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स फाइलींमागची रचना, आयएसओपुढे ठेवली. तिचा दस्तऐवज सहा हजारांहून अधिक पानांचा होता. भारतीय मानक ब्युरोने २००७मध्ये आणि पुन्हा २००८मध्ये तिच्या विरोधात मत दिलं. तरी ती २००८मध्ये प्रमाण ठरली. भारताचं ते मत मला आजही अभिमानाचं वाटतं. केंद्र सरकारने २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचं आणि २०१५मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचं धोरणही जाहीर केलं. धोरण असूनही सरकारी संकेतस्थळांवर अर्जाचे कित्येक नमुने अजून डॉक फाइलीत मिळतात, हे मात्र खटकत राहतं. डॉकएक्सबद्दल न्यायाने बोलायचं तर तीही आतून झिपच आहे, आणि जुन्या डॉकपेक्षा कितीतरी बरी. अडचण अशी की प्रमाणात लिहिलेली काटेकोर बांधणी वेगळी आणि ऑफिस सवयीने जतन करतं ती ‘संक्रमणकालीन’ बांधणी वेगळी. इतर प्रोग्रामची दमछाक होते ती या संक्रमणकालीन बांधणीच्या मागे धावताना.

म्युनिककडे परत जाऊ. तिथल्या लोकांनी कामाला हात घातला, तेव्हा सगळ्यात जड काम प्रोग्राम बसवण्याचं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. प्रत्येक खात्याने वर्षानुवर्षं आपापल्या पत्रांचे, नोटिसांचे, दाखल्यांचे नमुने बनवून ठेवलेले होते. असे नमुने आणि छोटे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच, हजारोंच्या संख्येने होते, आणि बरेचसे कुणी बनवले हेही कुणाला सांगता येत नव्हतं. ते सगळे गोळा करणं, एकासारखे एक असलेले काढून टाकणं, उरलेले नव्याने बांधणं यात वर्षं गेली. त्यासाठी महापालिकेने वोलमुक्स नावाचं स्वतःचं जोड-साधन तयार केलं आणि तेही मुक्त परवान्याखाली जगाला दिलं. २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणकांवर नवी व्यवस्था चालू झाली होती.

त्यानंतर माघार झाली. २०१४मध्ये डीटर रायटर महापौर झाले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, बाहेरच्या कचेऱ्यांशी फाइलींची देवघेव करताना होणारी ओढाताण हे विषय पुढे आले आणि २०१७मध्ये परिषदेने विंडोजकडे परत जायचं ठरवलं. महापालिकेनेच करून घेतलेल्या तांत्रिक पाहणीत अडचणींचं मूळ मुख्यतः संगणक विभागाच्या विस्कळीत कारभारात असल्याचं म्हटलं होतं. एकाच शहराचं काम अनेक विभागांत विभागलेलं, दुरुस्तीला उशीर, जबाबदारी कुणाची ते ठरलेलं नाही. या दुखण्याला विंडोज हे औषध नव्हतं. २०२०मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं करारात लिहिलं. ‘म्युनिकमध्ये फसलं’ एवढं एकच वाक्य सांगून विषय संपवणारे यातली कुठलीच गोष्ट सांगत नाहीत.

त्याच जर्मनीत उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये आपले सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांनी क्रम विचारपूर्वक लावला आहे. विंडोज सध्या तशीच ठेवून आधी ऑफिस संच बदलायचा, सोबत ओडीएफ ही कामकाजाची फाइल ठरवायची, मग ईमेल, आणि मूळ प्रणाली सगळ्यात शेवटी. ईमेलचं स्थलांतर ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झालं. ४० हजारांहून अधिक टपालपेट्या हलवाव्या लागल्या. त्यात कर्मचाऱ्यांचे हालही झाले, नाराजीही झाली, आणि खात्याच्या मंत्र्यांना तिची दखल घ्यावी लागली. फ्रान्सच्या जॉन्दार्मरी या पोलीस दलाने २००५पासून जवळपास याच क्रमाने पावलं टाकली होती: आधी ओपनऑफिस, मग ब्राउझर आणि ईमेल, शेवटी लिनक्स. तिथे ती व्यवस्था हजारो संगणकांवर टिकली. माणसाच्या हाताला एका वेळी एकच बदल पेलतो, हे या दोन्ही ठिकाणी ओळखलं गेलं. आपल्या दहा संगणकांच्या कचेरीलाही तोच क्रम लागू पडतो.

प्रत्यक्ष बदलताना पहिली तक्रार बहुधा एकच असते. ‘पानं सरकली.’ वर्डमध्ये तीन पानांत बसणारं पत्र इथे चौथ्या पानावर जातं, आणि सही एकटीच शेवटच्या पानावर उरते. दोष बऱ्याचदा फॉन्टचा असतो. कॅलिब्री, केंब्रिया, टाइम्स न्यू रोमन हे फॉन्ट मालकीचे आहेत. ते नसलेल्या संगणकावर दुसरा फॉन्ट येतो, त्याची अक्षरं किंचित रुंद असतात आणि ओळी वाढतात. यावर इलाज आहे. कार्लिटोची अक्षरं कॅलिब्रीच्या आणि कॅलाडियाची केंब्रियाच्या अचूक रुंदीची आखलेली आहेत. लिबरेशन या फॉन्ट-कुटुंबाने टाइम्स आणि एरियलसाठी तेच केलं आहे. हे फॉन्ट घातले की निम्मी कुरकुर थांबते. उरलेली कुरकुर स्पेसबार आणि एंटर दाबून सजवलेल्या मजकुराची असते. शीर्षक मध्यभागी आणायला बारा स्पेस, नवं पान आणायला दहा एंटर, अशी फाइल कुठल्याही दुसऱ्या संगणकावर विस्कटणारच. रायटरमध्ये एफ-११ दाबलं की शैलींची पट्टी उघडते. शीर्षकाला शीर्षकाची शैली, परिच्छेदाला परिच्छेदाची, एवढं शिकलेला माणूस कुठल्याही प्रोग्राममध्ये उपाशी राहत नाही.

मराठीसाठी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी लागते. लिबरऑफिसमध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. देवनागरी ही ‘जटिल मजकूर मांडणी’ या गटात मोडते. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, भाषेच्या पानावर या गटासाठी मराठी निवडून ठेवावी लागते. ती निवडली की शुद्धलेखन तपासणीला मजकूर मराठी असल्याचं कळतं. काही फॉन्टमध्ये तर ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाऐवजी आपली, मराठी वळणाची रूपं दिसू लागतात. फॉन्टचाही तुटवडा नाही. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्ता आणि बलू, रेड हॅटचा लोहित, गूगलचा नोटो, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, हे सगळे मोफत मिळतात. शिकायला आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. रायटर, तक्त्यांचं कॅल्क आणि सादरीकरणाचं इम्प्रेस यांचे छोटे धडे त्यात मराठी निवेदनासह आहेत, आणि ते बघत बघत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं अशी त्यांची आखणी आहे. केरळच्या सरकारी शाळांनी गेली वीस वर्षं मुक्त सॉफ्टवेअर टिकवून धरलं, त्यातही शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वाटा मोठा आहे.

कुठे थांबायचं तेही सांगितलं पाहिजे. एक्सेलमधले मॅक्रो कॅल्कमध्ये काही चालतात, काही चालत नाहीत. जीएसटीच्या वार्षिक विवरणाची ऑफलाइन फाइल मॅक्रोवर उभी आहे आणि तिला एक्सेलच लागतं. ज्या कचेरीत हे काम होतं, तिने एका संगणकावर परवान्याचं एक्सेल ठेवावं आणि बाकीचे मोकळे करावेत. हिशेबाची माणसं सगळ्यात शेवटी बदलावीत, मार्च महिन्यात तर मुळीच नाही. बाहेर पाठवायची फाइल फक्त वाचायची असेल तर पीडीएफ करून पाठवावी. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ बनवताना तिच्या पोटात मूळ ओडीएफ फाइलही ठेवता येते. वाचणाऱ्याला ती साधी पीडीएफ दिसते आणि आपण तीच फाइल पुन्हा रायटरमध्ये उघडून दुरुस्त करू शकतो. समोरच्याला दुरुस्ती करायची असेल आणि त्याच्याकडे वर्डच असेल, तर डॉकएक्स द्यावी. मूळ प्रत मात्र आपल्याकडे ओडीटीमध्येच असू द्यावी.

आता सगळ्यात निकडीचं काम. महाराष्ट्रात १९९० आणि २०००च्या दशकांत टंकलेखन झालं ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा संचांवर आणि फॉन्टवर. तेव्हा देवनागरीसाठी दुसरी धड सोयच नव्हती आणि त्या साधनांनी मराठी छपाई चालवली, हे त्यांचं ऋण आहे. पण त्यांतल्या बहुतेक फॉन्टमध्ये ‘म’ हा म म्हणून साठवलेला नसतो. रोमन लिपीतल्या एखाद्या अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर म चा आकार बसवलेला असतो, आणि प्रत्येक कंपनीच्या जागा निराळ्या. फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. अशी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडणारा माणूस लिबरऑफिसला दोष देतो. खरं तर नवं वर्डही तोच चिखल दाखवेल. लिबरऑफिस या मजकुराला देवनागरी समजतच नाही, म्हणून देवनागरीच्या फॉन्टची नोंद बदलून उपयोग नसतो. तो जुना फॉन्ट रोमनच्या खान्यात निवडला तरच अक्षरं दिसतात. दिसली तरी शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलणारी साधनं आहेत. ती वापरताना डोळे कुठे ठेवायचे हे माहीत हवं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी हातांनी लिहिताना येते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम नेमके उलटे असतात. बदलणाऱ्या साधनाला ही चिन्हं उचलून पुढे-मागे ठेवावी लागतात, आणि चुका तिथेच होतात. ‘मूर्ती’, ‘कार्यालय’, ‘दुसऱ्या’, ‘स्थिती’ असे शब्द आधी तपासावेत. ते सुखरूप असतील तर बाकीचा मजकूर बहुधा सुखरूप असतो.

पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये तयार केलेल्या पुस्तकांची स्थिती याहून नाजूक आहे. तो प्रोग्राम सातव्या आवृत्तीनंतर पुढे निघालाच नाही. आपल्या कितीतरी छोट्या प्रकाशकांची, दिवाळी अंकांची, तालुक्याच्या साप्ताहिकांची वीस-पंचवीस वर्षांची पानं मात्र त्यातच अडकून आहेत. लिबरऑफिसच्या ड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय २०१५पासून आहे. मांडणी जशीच्या तशी येत नाही, चौकटी हलतात. पण मजकूर हाताला लागतो, तिथून तो युनिकोडमध्ये नेता येतो आणि ओडीटीमध्ये जतन करता येतो. या कामाला ज्या फॉन्टची गरज पडते, ते फॉन्ट बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या, कोपऱ्यातल्या संगणकावर आहेत, आणि काहींना चालायला प्रिंटरच्या खोबणीत लावायची कुलूपकळही (डोंगल) लागते. तो संगणक भंगारात देण्याआधी सुरू करावा, फाइली, फॉन्ट आणि ती कुलूपकळ बाजूला काढावी, आणि ज्या फाइलींची छापील प्रत उरलेली नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी.